शाकाहार आणि कच्चं खाणं खरंच हेल्दी आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी पाठवलेले आहेत, काही तर इतक्या वेळा आलेत की कॉपी-पेस्ट करून उत्तर द्यायची सवयच लागली होती, म्हणून एकदाच सगळं इथे टाकतोय. आधी साधे प्रश्न, मग किचकट. उत्तर दुसरीकडे आधीच दिलं असेल तर तो नंबर दिलाय, तिकडे बघा.

१. शाकाहारी जेवण म्हणजे आपोआप हेल्दीच ना?

नाही. वडापाव शाकाहारी आहे, डालडातली जिलबी शाकाहारी आहे, बटर मारके पावभाजी पण शाकाहारीच. ताटात काय नाहीये त्यावरून तब्येत ठरत नाही, काय आहे त्यावरून ठरते, आणि या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर खरं तर एवढंच आहे.

लोक परदेशातले अभ्यास पाठवतात, ते खोटे नाहीत. इंग्लंडमध्ये एपिक-ऑक्सफर्ड नावाचा मोठा अभ्यास आहे, त्याचे २०१९ चे आकडे असे की शाकाहारी लोकांमध्ये हार्टचा त्रास मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी. पण त्याच अभ्यासात स्ट्रोक २० टक्के जास्त निघाला, ते व्हॉट्सॅपवर कोणी फॉरवर्ड करत नाही! अमेरिकेत ॲडव्हेंटिस्ट या ख्रिश्चन पंथाच्या लोकांवरच्या अभ्यासात (२०१३) शाकाहारींचा मृत्युदर १२ टक्के कमी होता. फक्त ही माणसं बहुतेक सिगरेट-दारूपासून लांब राहणारी, व्यायाम करणारी, विचार करून शाकाहारी झालेली. आपल्याकडे माणूस जन्माने शाकाहारी असतो आणि पोळी, भात, बटाटा, साखरेचा चहा यावर दिवस काढतो. त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करून निवांत बसू नका.

२. मग शाकाहारात नक्की कमी काय पडतं?

पहिलं व्हिटॅमिन बी१२, आणि त्यात वाद नाही. मग लोह (प्र. ७), प्रोटीन (प्र. ६), ओमेगा-३ (शरीराला लागणारी एक चरबी). व्हिटॅमिन डी तर मांसाहारींचं पण कमीच असतं, ते उन्हाचं प्रकरण आहे, त्याचा दोष शाकाहाराला देऊ नका. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी खा, स्वस्त आणि मस्त. जवसातलं ओमेगा-३ माशातल्यासारखं नसतं, शरीराला ते बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं फार थोडं बदलतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

३. आमचे पणजोबा नव्वद वर्षं जगले, आयुष्यभर शाकाहारी, त्यांना कुठे बी१२ च्या गोळ्या लागल्या?

हा प्रश्न थोडा रागातच येतो.

पणजोबांची टेस्ट कोणी केली होती का? हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं, कायम थकवा, या सगळ्याला तेव्हा "वय झालं" म्हणायचे. त्यातली काही वयाचीच असतील, काही बी१२ ची. आणि जे नव्वद जगले त्यांचीच गोष्ट आपण सांगतो, जे लवकर गेले त्यांची कोण सांगणार.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केलाय. त्यात दोन तृतीयांश आयांचं बी१२ कमी निघालं. ही शेतात राबणारी, घरचं खाणारी माणसं होती, त्यामुळे हा शहरी लोकांचा आजार वगैरे म्हणता येत नाही.

बी१२ ना झाड बनवतं ना जनावर, ते फक्त जिवाणू बनवतात. गाय-बकरीच्या पोटात ते जिवाणू असतात आणि तिथून ते दुधात, मांसात येतं. भाजीत, डाळीत, फळात ते नसतं, कितीही ताजी आणि कितीही ऑरगॅनिक असली तरी.

४. मी दूध-दही रोज घेतो, तरी रिपोर्टमध्ये बी१२ कमी कसं?

"रोज दूध घेतो" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, किती? बहुतेक वेळा उत्तर असतं चहातलं. दोन कप चहात मिळून शंभर मिली दूध जातं, त्यात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम बी१२. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हवं (आयसीएमआर-एनआयएन या सरकारी आरोग्य-पोषण संशोधन संस्थांचा २०२० चा आकडा). म्हणजे नुसत्या दुधावर भागवायचं तर रोज अर्धा लिटर तरी पाहिजे, आणि उकळताना थोडं जातं ते वेगळंच.

दुसरं, पोटात जाणं आणि रक्तात जाणं वेगळं. वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि बी१२ नीट शोषलं जात नाही. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तरी तेच होतं. म्हणून मटण खाणाऱ्यांचं पण कमी येतं, तेव्हा शेजारच्या मांसाहारी काकांचं बी१२ कमी आलं म्हणजे आपल्याला पर्वा नको असा अर्थ काढू नका.

५. स्पिरुलिना, आंबवलेली इडली, न धुतलेली भाजी यातून मिळतं म्हणतात, खरं?

स्पिरुलिनात (शेवाळाची पावडर) जे असतं ते बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला कामी न येणारं असतं. वाईट म्हणजे टेस्टमध्ये ते खऱ्या बी१२ सारखं मोजलं जाऊ शकतं. इडली-ढोकळ्याच्या पिठात भरवसा ठेवावा इतकं तयार होत नाही. आणि भाजी न धुता खायचा सल्ला जो कोणी देतो त्याला प्र. १४ वाचायला द्या.

६. डाळ-भात-पोळीत प्रोटीन पुरतं का? जिमवाला म्हणतो शक्यच नाही.

जिमवाल्याला प्रोटीन पावडरचा डबा विकायचा असतो. पण तो पूर्ण चुकीचा पण नाहीये.

हिशोब बघा. एनआयएन म्हणतं किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. आपल्या पोळी-भात छाप जेवणातलं प्रोटीन थोडं हलक्या प्रतीचं, म्हणून ६० धरा. आता दिवसभराच्या सहा पोळ्यांचे साधारण १८ ग्रॅम, भाताचे ४, सकाळच्या पोह्यांचे ४-५, दह्याच्या वाटीचे ३-४, चहातल्या दुधाचे ३. राहिलं वरण. घट्ट वरणाच्या वाटीत ६ ग्रॅम मिळतात, पण आपल्याकडे पाहुणे आले की वरणात पाणी वाढतं आणि पाहुणे गेले तरी ते तसंच राहतं, मग वाटीत ३ पण नसतात. दोन वाट्या धरून सगळी बेरीज चाळीसच्या आसपास. म्हणजे उपासमार नाही, पण तूट आहे, आणि भर कार्बचा (स्टार्च-साखर). भारतीय जेवणातल्या ६० टक्क्यांवर कॅलरी कार्बमधून येतात, ते वाटीभर भातात आणि पोळीच्या चवडीत दिसतंच.

ही तूट भरायला डब्याची गरज नाही. एका वेळेची पालेभाजी-बटाटाभाजी काढून तिथे मटकीची उसळ किंवा पिठलं, ४ वाजता बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅमला ७ ग्रॅम प्रोटीन), आठवड्यातून दोनदा सोया चंक्स, पनीर परवडत असेल तर पनीर. एनआयएनचा ढोबळ नियम असा की तीन भाग धान्याला एक भाग डाळ-कडधान्य, कच्चं वजन. आपण बहुतेक जण याच्या जवळपास पण नसतो. प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी, दोन्ही मिळून भागतं, आणि ते एकाच घासात असायची गरज नाही, दिवसभरात आलं तरी चालतं.

७. पालक, बीट, गूळ सगळं खाते तरी हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही, काय करू?

आधी डॉक्टरला दाखवा, कारण पाळीत जास्त रक्त जात असेल किंवा पोटात जंत असतील तर पालकाचं शेत खाल्लं तरी फरक पडणार नाही. ९ वर गोळ्या लागतातच, बिटाच्या ज्यूसवर महिने घालवू नका. बिटाचा रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं ही समजूत आहे, बिटात लोह फार नसतं. पालकात असतं पण शोषलं थोडंच जातं.

वनस्पतीतलं लोह शरीर कंजुषीने घेतं. लिंबू, आवळा, पेरू म्हणजे व्हिटॅमिन सी सोबत असलं की बरंच जास्त घेतं, आणि चहा-कॉफी सोबत असली की कमी. आता आपली पोह्यांची डिश बघा, वर लिंबू पिळतो ते उत्तम आणि लगेच सोबत कपभर चहा, झालं, लिंबाचं काम चहाने बुडवलं. चहा तासभर पुढे ढकला. लोखंडी कढई वापरा, कडधान्य भिजवून मोड आणा, हळीव खा.

आणि एक, हा प्रॉब्लेम फक्त शाकाहारी घरांतला नाही. एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक (रक्त कमी) निघाल्या, आणि महाराष्ट्रात बहुसंख्य लोक मांसाहार करतात. बुधवार-रविवार दोन पीस खाणारा माणूस उरलेले पाच दिवस आपल्यासारखंच जेवतो. शिवाय बऱ्याच घरात मटणाचे पीस आधी पुरुषांच्या ताटात जातात आणि बाईला रस्सा उरतो, हे पण बोलायला हवं.

८. आम्ही फक्त श्रावण पाळतो, तेवढ्यात काही कमी पडेल का?

नाही. बी१२ लिव्हरमध्ये साठतं, साठा भरलेला असेल तर वर्षानुवर्षं पुरतो. गटारी जरा बेताने करा इतकंच.

९. उपासाचं खाणं तर सात्त्विक, ते रोज खाल्लं तर?

साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य, तो निव्वळ स्टार्च. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं. त्यापेक्षा राजगिरा आणि वरई बरी. आणि आठवड्यातून एक उपास ठीक आहे पण काही घरांत आता रोजच्या जेवणात सैंधव मीठ आलंय, "नॅचरल" म्हणून. सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. मासे खात नसाल आणि मीठ पण सैंधव, तर थायरॉइडला लागणारं आयोडीन येणार कुठून? रोजच्याला साधं आयोडीनवालं मीठच ठेवा.

१०. कच्चा आहार म्हणजे नक्की काय? कोशिंबीर खाणं म्हणजे कच्चा आहार का?

नाही. कच्चा आहारवाले म्हणतात अन्न साधारण ४०-४८ डिग्रीच्या वर तापवायचंच नाही. म्हणजे फळं, सॅलड, भिजवलेले दाणे, मोड, ज्यूस, खोबरं. पोळी नाही, भात नाही, वरण नाही.

खूळ नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये बिर्चर-बेनर या डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी याचा प्रचार केला, आजचं म्यूसली त्याचंच. आपल्याकडे गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला, अशक्तपणा आला, आव झाली, थांबवावा लागला. दुधाबाबतही तेच, दूध सोडायची त्यांची फार इच्छा, पण आजारपणानंतर १९१९ मध्ये शेळीच्या दुधावर यावं लागलं, आणि दुधाला वनस्पतीतला पर्याय सापडला नाही हे ते स्वतःच लिहीत राहिले. माणूस हट्टी होता पण निष्कर्ष लपवत नव्हता. पुण्याजवळ उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनीच १९४६ मध्ये सुरू केला, तिकडे चार दिवस राहून आलेले लोक हाच प्रश्न मला पाठवतात. तिथला आहार देखरेखीखाली आणि ठरावीक दिवसांसाठी असतो, घरी येऊन वर्षभर स्वतःच्या मनाने चालू ठेवणं वेगळं.

११. शिजवलं की व्हिटॅमिन आणि एन्झाइम सगळे मरतात ना?

सगळे नाही. व्हिटॅमिन सी आणि फोलेट कमी होतात, विशेषतः भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर. पण टोमॅटोतलं लायकोपीन (लाल रंगाचं द्रव्य) शिजवल्यावर जास्त मिळतं, गाजरातलं बीटा कॅरोटीन शिजवून आणि तेलासोबत जास्त मिळतं. डाळी-धान्याचं प्रोटीन आणि स्टार्च तर शिजवल्याशिवाय नीट पचतच नाही.

एन्झाइमची थिअरी ऐकायला भारी वाटते. भाजीतले एन्झाइम भाजीच्या कामाचे असतात, आपल्या जठरातल्या आम्लात त्यांची बहुतेक वाटच लागते आणि इतर प्रोटीनसारखे तेही पचून जातात. आपलं अन्न पचवायचे एन्झाइम आपलं शरीर बनवतं.

१२. मी तीन महिने कच्च्यावर आहे, वजन उतरलं, शुगर उतरली, मग चूक काय?

उतरणारच. बिस्किट, फरसाण, साखर, मैदा बंद झाला आणि पोटात फायबर-पाण्याने भरलेलं अन्न जातंय, कॅलरी निम्म्या झाल्या. तीन महिन्यांत फायदा दिसतो, तोटा दिसायला वेळ लागतो.

जर्मनीत गीसन विद्यापीठाने वर्षानुवर्षं कच्चं खाणाऱ्यांचा अभ्यास केला. १९९९ च्या निष्कर्षात ४५ च्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंदच पडली होती. जितकं कच्च्याचं प्रमाण जास्त तितकं हे जास्त. २००५ मध्ये त्यांनीच दाखवलं की वाईट कोलेस्टेरॉल छान कमी, पण चांगलं पण कमी, आणि ३८ टक्के लोकांचं बी१२ कमी. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय आणि ते एकेक खर्च बंद करत जातं, पाळी हा पहिला खर्च.

शुगर उतरली असेल तर अजून एक गोष्ट तातडीची आहे. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगून डोस बदलून घ्या, नाहीतर एक दिवस शुगर इतकी खाली जाईल की चक्कर येऊन पडाल.

१३. कच्चं अजिबात खाऊच नये असं काही आहे का?

आहे, आणि ही यादी शहरात विसरली गेलीये कारण आज्या आता स्वयंपाकघरात नाहीत.

राजमा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रोटीन असतं, चार-पाच कच्चे दाणे पण उलट्या-जुलाब करू शकतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात नीट खळखळून उकळा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते विष जात नाही, आपला प्रेशर कुकर बेस्ट.

अळू आणि सुरण घशाला खाजतात ते ऑक्झलेट नावाच्या क्षाराच्या बारीक सुयांमुळे, म्हणून फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो आणि भरपूर शिजवतात. हिरवी स्मूदी म्हणून अळू मिक्सरला लावलेला माणूस प्रत्यक्षात आहे, त्याची रात्र वाईट गेली.

दुधी भोपळ्याचा कच्चा रस. दुधी कधी कधी कडू निघतो, तो कडूपणा म्हणजे कुकरबिटासिन, आणि त्याला उतारा नाही. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की आधी तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. कारल्यासोबत तर नकोच, कारण मग कडू कोण हे कळणार कसं? "कडू औषध असतं" म्हणून नाक दाबून पिऊ नका. प्यायल्यावर उलटी-जुलाब सुरू झाले तर थेट हॉस्पिटल.

न तापवलेलं दूध पण नको, ते कितीही "देशी" असो.

१४. कच्च्या कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणतात, मग सॅलड बंदच करू का?

अर्धं खरं. कोबीत दिसते ती हिरवी अळी मेंदूत वगैरे जात नाही, काढून टाका, विषय संपला. मेंदूत जाते ती टेपवर्मची अळी, आणि त्याची अंडी डोळ्याला दिसत नाहीत. ती येतात टेपवर्म झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, म्हणजे सांडपाण्यावर पिकवलेली भाजी किंवा हात न धुता केलेला स्वयंपाक. म्हणूनच कधी डुक्कर न खाल्लेल्या कट्टर शाकाहारी माणसाला पण हे होतं आणि फीट येते. घरी पानं सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा, शंका असेल तर वाफवा. बाहेर गाडीवरची कच्ची कोबी टाळा.

१५. मोड आलेलं कडधान्य तर कच्चंच चांगलं ना?

२०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायची साथ आली, जवळपास चार हजार लोक आजारी, पन्नासच्या वर मृत्यू, आणि शोधत गेले तर धागा पोचला मोड आलेल्या मेथीपर्यंत. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंना पण लागते. धडधाकट माणसाने घरचे ताजे मूग कधीतरी खाल्ले तर आभाळ कोसळत नाही, पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं, केमो चालू असलेले यांनी वाफवूनच खावं. पाच मिनिटांच्या वाफेने फारसं काही जात नाही, उलट गॅस कमी होतो.

१६. मी गरोदर आहे, शाकाहारी आहे, फॉलिक ॲसिड चालू आहे, बास ना?

फॉलिक घ्याच, पण बी१२ पण तपासून घ्या. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट बरा दिसू शकतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. प्र. ३ मधल्या पुण्याच्या अभ्यासाने २००८ मध्ये हेच पुढे नेलं, ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिकचंच दुसरं रूप) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते) सगळ्यात जास्त.

बाळ झाल्यावर फक्त अंगावरचं दूध आणि आईचंच बी१२ कमी, अशा बाळांमध्ये एक आजार आपल्या देशातल्या बालरोग डॉक्टरांना चांगला माहीत आहे, बाळ पांढरं पडतं, हसायचं बंद होतं, शिकलेलं विसरतं, हातपाय थरथरतात. वेळेत बी१२ दिलं तर बाळ झपाट्याने सुधारतं. म्हणून "बाळ शांत आहे, त्रास देत नाही" याचं प्रत्येक वेळी कौतुक करू नका. गरोदरपणात पूर्ण कच्चा आहार मात्र नको, प्र. १२ आणि १५ वाचलं असेल तर कारण वेगळं सांगायला नको.

१७. मुलगी हॉस्टेलवरून व्हीगन होऊन आलीये, दही पण खात नाही, काय करावं?

भांडू नका, ती अजून घट्ट धरेल. तिला तीन गोष्टी विचारा: बी१२ ची गोळी किंवा फोर्टिफाइड (वरून बी१२ घातलेला) पदार्थ चालू आहे का (व्हीगनला हे ऐच्छिक नाही), कॅल्शियम कुठून, प्रोटीन कुठून. घरी वाटलेल्या बदामाच्या दुधात कॅल्शियम नावापुरतं आणि बी१२ शून्य, विकतचं घ्यायचं तर पाकिटावर काय घातलंय ते वाचायचं. दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, वर तीळ, टोफू, शेवग्याचा पाला. एपिक-ऑक्सफर्डमध्येच (२०२०) व्हीगन लोकांची हाडं मोडायचं प्रमाण मांसाहारींपेक्षा ४३ टक्के जास्त निघालं, हे तिला दाखवा, आईने सांगितलेलं पटत नाही पण आकडा पटतो.

१८. किडनी स्टोन आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे, हिरवा ज्यूस चालेल का?

विचारल्याशिवाय नाही. रोज ग्लासभर कच्च्या पालकाचा रस म्हणजे ऑक्झलेटचा डोस, स्टोनवाल्याला नको. किडनी कमजोर असेल तर भाज्या-फळांच्या आणि नारळाच्या पाण्यातलं पोटॅशियम अंगावर येतं. वॉरफेरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, प्रमाण रोज सारखं ठेवायचं असतं, एकदम वाढवलं की गोळीचा परिणाम कमी होतो.

१९. टेस्ट कोणती करू? आणि थेट इंजेक्शनच घेतलं तर?

सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), आणि व्हिटॅमिन डी. बी१२ काठावर आलं आणि मुंग्या वगैरे त्रास असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन ही रक्ताची टेस्ट सांगतात, ते वाढलेलं असेल तर कमतरता खरी मानतात. इंजेक्शन घेऊन मग टेस्टला गेलात तर आकडा वर दिसणार आणि मूळ काय होतं ते कळणार नाही, म्हणून आधी रक्त द्या, मग सुई. बऱ्याच जणांना गोळीच पुरते. मुंग्या, तोल जाणं असलं काही असेल तर मात्र गोळ्या घेत घरी बसू नका, नसांचं नुकसान जुनं झालं की पूर्ण भरून येत नाही. आणि पाच इंजेक्शनं घेऊन आकडा वर आला म्हणून सगळं सोडून देणारे वर्षभराने त्याच आकड्यावर परत येतात, कारण ताट तेच असतं.